पगार एक, हप्ते चार

नोकरी कशी जाते, हे आता तुमच्या ओळखीतलं कुणी ना कुणी सांगू शकेल. सकाळी एचआरचं बोलावणं येतं, मीटिंगच्या विषयाच्या जागी काहीच लिहिलेलं नसतं, पंधरा मिनिटांत बोलणं संपतं आणि दुपारपर्यंत लॅपटॉपचा पासवर्ड चालेनासा होतो. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून हिंजवडी काय किंवा ऐरोली काय, ‘आयटीत आहे ना, मग काय चिंता’ हे वाक्य घरातली मोठी माणसंही जरा जपून बोलतात.

ज्याची नोकरी गेली त्याने रेझ्युमे कसा करावा, मुलाखतीत काय सांगावं, यावर पुष्कळ लिहिलं जातं. त्याच घरात एक दुसरं माणूस असतं. त्याची किंवा तिची नोकरी शाबूत असते, दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं पंच करायला जायचं असतं आणि महिन्याच्या पाच तारखेला सगळे हप्ते त्याच एका खात्यातून जाणार असतात. तुम्ही ते दुसरं माणूस असाल, तर आजचं बोलणं तुमच्याशी.

आधी एक घर डोळ्यांसमोर आणू. नाव-गाव नको, आकडे पुरे. दोघं तिशीच्या आतबाहेर. त्याचा पगार हातात ६२ हजार, तिचा ४८ हजार. रावेतला घर घेतलंय, ४० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी. हप्ता ३४,७००. गाडीचा हप्ता ६,८००. फोन ईएमआयवर, ३,५००, अजून पाच महिने. क्रेडिट कार्डावर १ लाख २० हजार थकलेत, त्याचे ‘मिनिमम ड्यू’ ६ हजार भरणं चाललंय. बेरीज करा. हप्ते ५१ हजार, उरलेला पगार ४८ हजार. अजून दूध, गॅस, लाइट बिल, सोसायटीचा मेंटेनन्स, गावी आईबाबांना पाठवायचे पैसे यातलं काही आलेलंच नाही. ते अगदी हात आखडून वीस हजार धरू.

म्हणजे दर महिन्याला २३ हजारांचा खड्डा.

हा आकडा तुमच्या घरात वेगळा असेल, पण तो आधी काढा. नोकरी गेली त्या रात्री नको. त्या रात्री नुसतं जेवा, काही बोलायचं असेल तर बोला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वही घेऊन बसा. आणि बसताना एकच अट: दोघांनी सगळं सांगायचं. जवळजवळ प्रत्येक घरात एखादं कर्ज असं असतं की जे दुसऱ्याला माहीतच नसतं. ऑफिसातल्या मित्राकडून घेतलेले हातउसने, कुठल्याशा अॅपवरचं ‘आत्ता घ्या, नंतर भरा’, भिशीचे राहिलेले हप्ते, चुलतभावाच्या कर्जाला जामीनदार म्हणून केलेली सही. शेवटची गोष्ट तर लोक कर्ज म्हणून मोजतही नाहीत. भाऊ हप्ते भरत असतो तोवर ठीक, तो थांबला की बँक तुमचं दार वाजवते. आठवणीवर विसंबायचं नसेल, तर दोघांचेही क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिलसकट चार संस्था आपल्याकडे हे काम करतात आणि प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात सगळी खाती उघडी पडतात. थोडी भांडणं होतील. होऊ देत, दोन महिन्यांनी वसुलीवाल्याच्या फोनवरून कळण्यापेक्षा बरं.

आता दुसरा आकडा: हातात किती आहे. आपल्या घरात दीड लाखाची एफडी आहे आणि कंपनीकडून ‘फुल अँड फायनल’चे १ लाख १० हजार यायचेत. (पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर ग्रॅच्युइटी मागायला विसरू नका. आणि ऑफिसचा मेल बंद व्हायच्या आत पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, नेमणुकीचं पत्र स्वतःकडे घ्या. ‘राजीनामा आत्ताच टाईप करा’ असा आग्रह झाला तर वाचायला एक दिवस मागणं हा उद्धटपणा नाही.) एकूण २ लाख ६० हजार. भागिले २३ हजार. अकरा महिने आणि थोडं वर.

बघा, ‘आता कसं होणार’ या प्रश्नाला अचानक एक उत्तर आलं. अकरा महिने. हे पुरेसं आहे की नाही ते नंतर ठरवू, पण त्यात शोधता येतं, शिकता येतं, एखादी नोकरी नाकारताही येते. काही घरांत हा भागाकार दीड महिन्यावर येईल, तिथे पहिल्या आठवड्यातच कठोर व्हावं लागेल. दोन्हीकडे आकडा माहीत असणं झोपेला बरं.

कार्ड आधी

पहिला हात कुठे घालायचा? घराचा हप्ता सगळ्यात मोठा दिसतो म्हणून सगळे तिथेच बघतात. पण जाळ लागलेला असतो क्रेडिट कार्डाला. थकलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरा, अनेक कार्डांचा दर याच्या आसपास असतो. १ लाख २० हजारांवर ते होतं ४,२००. त्यावर १८ टक्के जीएसटी, ७५६. म्हणजे ४,९५६ रुपये नुसते व्याजाचे. तुम्ही ६ हजार भरता, मुद्दल कमी होतं हजारभराने. शिवाय थकबाकी असताना त्याच कार्डावर नवीन किराणा घेतला तर त्याला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, स्वाइप केल्या दिवसापासून मीटर सुरू.

हेच १ लाख २० हजार चौदा टक्क्यांच्या पर्सनल लोनमध्ये दोन वर्षांसाठी वळवले, तर हप्ता येतो ५,७६२. ‘मिनिमम’पेक्षा कमी पैसे भरून दोन वर्षांत कर्ज साफ! ज्याची नोकरी सुरू आहे त्याच्या नावावर असं कर्ज मिळू शकतं. अट एकच, ते कार्ड त्या दिवशी कात्रीने कापायचं. नाहीतर वर्षभराने कर्जही असतं आणि कार्डही परत भरलेलं असतं.

आणि घरात सोनं असेल तर? इथे आपल्याकडे लगेच आवाज खाली येतो. लग्नातल्या बांगड्या बँकेत ठेवायच्या म्हणजे काहीतरी अशुभ, लोक काय म्हणतील, सासूबाईंना काय सांगायचं. जरा हिशोब बघा. सोनेतारण कर्ज दहा टक्क्यांनी मिळालं असं धरू. १ लाख २० हजारांवर महिन्याचं व्याज १,०००. कार्डाच्या ४,९५६ समोर. कुणी म्हणेल, मग एफडी मोडूनच कार्ड फेडा ना, व्याजच नको. गणित म्हणून बरोबर. पण एफडी मोडली की हातातले महिने अकरावरून आठावर येतात. एफडीवर साडेसहा टक्के मिळत असतील तर तेवढ्याच रकमेवर महिन्याला ६५० रुपये येतात. सोनं ठेवून एफडी हातात ठेवण्याची खरी किंमत झाली महिन्याला ३५० रुपये. नोकरी नसलेल्या घरात लाखभर रुपये हाताशी असण्यासाठी मी तरी ते ३५० आनंदाने देईन. आणि खड्डाही २३ हजारांवरून १८ हजारांवर येतो, म्हणजे अकरा महिन्यांचे चौदा होतात. कपाटात पडलेल्या बांगड्यांनी याहून चांगलं काम कधी केलं असेल?

मात्र दोन गोष्टी. सोनं बँकेत किंवा नीट नोंदणी असलेल्या संस्थेत ठेवा, गल्लीतल्या सावकाराकडे नाही, आणि व्याज वेळेवर भरा. नाही भरलं तर नोटीस येते आणि मग लिलाव होतो. दुसरं, बांगड्या जिच्या आहेत तिला विचारून. ‘तू काय नाही म्हणणार आहेस का’ हे विचारणं होत नाही.

बँकेत जायचं, हप्ता चुकायच्या आधी

घरकर्ज दोघांच्या नावावर असेल तर एक लक्षात घ्या: हप्ता चुकला की डाग दोघांच्याही क्रेडिट रिपोर्टवर पडतो, ज्याची नोकरी सुरू आहे त्याच्याही. हप्ता बँकेतून आपोआप जात असेल आणि खात्यात पैसे नसतील, तर दोन्हीकडून दंड बसतो. त्यापलीकडे पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टम्स कायदा २००७ नुसार असा हप्ता परत जाणं हा चेक न वटण्यासारखाच गुन्हा होऊ शकतो, हे फारच थोड्यांना ठाऊक असतं. म्हणून हप्ता चुकायच्या आधी शाखेत जा. लेखी अर्ज द्या, नोकरी गेल्याचं पत्र जोडा, पोच घ्या. काउंटरवरची मुलगी ‘असं काही नसतं’ म्हणेल, तर कर्ज विभागाच्या मॅनेजरला भेटा.

मागायचं काय? एक, मुदत वाढवून हप्ता कमी करणं. आपल्या उदाहरणात वीसची तीस वर्षं केली तर हप्ता ३४,७०० वरून ३०,७५० च्या आसपास येतो. महिन्याला चार हजार वाचले. पण तो तसाच चालू ठेवलात, तर शेवटपर्यंत २७ लाख जास्त भरावे लागतील. हो, सत्तावीस लाख. म्हणून हा रस्ता घ्यायचा तर दिवस पालटल्यावर जादा पैसे भरून मुदत परत खाली आणायचीच, असं ठरवून घ्या. फ्लोटिंग दराच्या घरकर्जावर मुदतीआधी पैसे भरायला दंड लागत नाही. दोन, काही महिने फक्त व्याज भरण्याची सवलत. तीन, काही महिने हप्ताच नको. हे ऐकायला सगळ्यात गोड असतं. मार्च ते ऑगस्ट २०२० मध्ये कोविडमुळे हप्त्यांना स्थगिती होती, ती ज्यांनी घेतली त्यांना विचारा. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. आपल्या ४० लाखांवर पहिल्याच महिन्याचं व्याज २८ हजारांच्या पुढे आहे, ते मुद्दलात जाऊन बसतं. शिवाय कर्जाची पुनर्रचना झाल्याची नोंद रिपोर्टमध्ये राहते. अगदीच गळ्याशी आलं तरच.

आणि बँकेने दिलंच नाही काही? मग निदान मुदत माहीत असू द्या. हप्ता ९० दिवस थकला की खातं बुडीत म्हणजे एनपीए धरलं जातं, त्यानंतर सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते. एक हप्ता चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी कुणी घराला कुलूप लावत नाही. तशी धमकी फोनवर मिळते, ती वेगळी गोष्ट. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना, मित्रांना त्रास द्यायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने स्पष्ट सांगितलंय. फोनची वेळ, नंबर लिहून ठेवा, बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार फुकट करता येते. माहितीसाठी फोन १४४४८.

अॅपवरून पाच मिनिटांत मिळणाऱ्या कर्जाबद्दल इतकंच, की घेऊ नका. जे अॅप तुमच्या फोनमधले कॉन्टॅक्ट आणि फोटो मागतं, ते कर्ज देत नाही, ओलीस धरतं. आधीच अडकला असाल आणि फोटो एडिट करून पाठवण्याच्या धमक्या येत असतील, तर पैसे न भरता १९३० वर फोन करा.

पीएफ काढण्याचा मोह सगळ्यांना होतो. किती लगेच मिळतं आणि किती थांबून, याचे नियम बदलायचा निर्णय ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये घेतला, त्यामुळे मित्राने तीन वर्षांपूर्वी काय केलं ते सोडा, साइटवर बघा. २०२४-२५ साठी तिथे ८.२५ टक्के व्याज होतं आणि पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत काढलं तर साधारणपणे करही लागू शकतो. माझ्या मते पीएफ रांगेत शेवटचा. एसआयपी मात्र थांबवायला हरकत नाही. बऱ्याच फंडांत काही महिने ‘पॉज’ करता येते, मोडायची गरज नसते.

आरोग्य विम्याला हात लावू नका. कंपनीचा ग्रुप विमा बहुतेक ठिकाणी नोकरीबरोबरच संपतो आणि आईबाबाही त्यातच असले तर तेही उघड्यावर येतात. त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी ग्रुप पॉलिसी संपायच्या आधी अर्ज करा, म्हणजे आजवरची वर्षं फुकट जात नाहीत. किंवा तुमच्या ऑफिसच्या विम्यात जोडीदाराचं नाव घालता येतं का, हे एचआरला त्याच आठवड्यात विचारा. एक अॅपेंडिक्स सगळी वही फाडून टाकतं.

ज्याची नोकरी कारखान्यातली, दुकानातली, पगार २१ हजारांच्या आतला आणि ईएसआयसी कापलं जायचं, त्याने ईएसआयसीच्या शाखेत ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजने’ची चौकशी करावी. अटींत बसलं तर सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मे पैसे, ९० दिवसांपर्यंत. योजना मुदतवाढ घेत चालते, म्हणून सध्या सुरू आहे ना, हे आधी विचारा.

वहीबाहेरचं

नवऱ्याची नोकरी गेली की घर त्याच्याभोवती दबक्या पावलांनी चालतं. तो मात्र कित्येकदा आईवडिलांपासून लपवतो, रोज डबा घेऊन निघतो, कुठल्यातरी कॅफेत बसतो. त्या नाटकाचा खर्च पेट्रोलपेक्षा मोठा असतो, आणि तो तुम्हालाही खोटं बोलायला लावतो. बायकोची नोकरी गेली की उलटं. ‘बरं झालं, आता जरा घराकडे बघ’ असं कुणीतरी बोलतंच. तिचा पगार गेला हे नुकसान म्हणून कुणी मोजत नाही आणि धुणं-भांडी-स्वयंपाक महिन्याभरात गुपचूप तिच्याकडे सरकतात, मग मुलाखतीची तयारी रात्री अकरानंतर. दिवसातले चार-पाच तास नोकरी शोधण्याचे, त्यात भाजी आणायला सांगायचं नाही, असं ठरवून टाका. दोन्ही घरांत.

खर्च कापताना पहिली कुऱ्हाड घरी कामाला येणाऱ्या मावशींवर पडते. कधीकधी इलाज नसतो. पण त्यांना न सांगता ‘उद्यापासून नको’ म्हणणं म्हणजे तुमच्या एचआरने जे केलं तेच तुम्ही करणं. एक महिना आधी सांगा, नाहीतर कामं कमी करून अर्ध्यावर ठेवा.

पैसे कुणाला कसे द्यायचे, तेही बोलून घ्या. ‘दोनशे रुपये देतेस का’ हे रोज विचारावं लागणं फार लागतं माणसाला. महिन्याच्या सुरुवातीला ठरलेली रक्कम, लहान का असेना, जोडीदाराच्या खात्यात टाका आणि हिशोब मागू नका. चहा, मुलाखतीला जायची रिक्षा, मित्राच्या वाढदिवसाची वर्गणी त्यातून.

पण एका खर्चावर डोळा ठेवा. घरी रिकामा वेळ, हातात सेटलमेंटचे पैसे आणि फोनवर ट्रेडिंगचं अॅप, हे तीन एकत्र आले की दोन आठवड्यांत ‘रोजचे दोन हजार सहज निघतात’ हे वाक्य ऐकू येतं. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास त्या वेळी समोर ठेवा: तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या साध्या गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. तुमचा माणूस हुशार आहेच, पण ते बाकीचेही काही मठ्ठ नव्हते.

नातेवाइकांकडून उसने घेतलेत तर कागदावर लिहा, मामा असला तरी. किती, कधी घेतले, कधीपासून परत. मामा ‘कागद कशाला रे’ म्हणेल, मनातून त्याला बरंच वाटेल. आणि मोबाइलवर महिन्यातून एकदा ‘मामा, अजून जमलं नाही, मार्चपासून देतो’ एवढं कळवत राहा. न दिलेल्या पैशांपेक्षा न केलेल्या फोनने नाती जास्त तुटतात.

नवीन नोकरी लागेल. कदाचित ६२ ऐवजी ५० वर, कदाचित तीन महिन्यांच्या प्रोबेशनवर. त्या पहिल्या पगाराच्या दिवशी पार्टी करा, हवं तर वडापाव-चहाची. पण पुढचे तीन महिने घर त्याच ४८ हजारांच्या आणि वहीतल्या महिन्यांच्या हिशोबावर चालू द्या. नवा पगार पूर्ण बाजूला पडू द्या. त्यातून आधी मामाचे, मग बांगड्या सोडवायच्या. त्यानंतर विस्कटलेली एफडी परत उभी करायची आणि सगळ्यात शेवटी बँकेत जाऊन घरकर्जाची वाढवलेली मुदत कमी करून मागायची. या शेवटच्या कामासाठी आत्ताच मोबाइलमध्ये तारीख टाकून ठेवा, कारण तेव्हा हप्ता कमी असल्याची इतकी सवय झालेली असते, की तो आपला मूळचा हप्ता नव्हता हेच आठवत नाही.